शून्यं कुठे गेली, भो?

मागच्या अंकात रुबी या प्रोग्रामिंगच्या भाषेत बायनरी स्ट्रिंगचा, म्हणजे एक आणि शून्य या अक्षरांच्या रांगेचा, आकडा कसा करायचा आणि त्या आकड्याची परत स्ट्रिंग कशी करायची, हे मी चार ओळींत उरकलं होतं. या महिन्यात पत्रं आली ती सगळी त्या चार ओळींवर. ठरवलेला विषय म्हणून बाजूला ठेवते आणि आज एवढंच घेते.

आधी एक खुलासा. आपलं मासिक देवनागरीतच छापलं जातं, म्हणून रुबीचे शब्द मी कानाला येतात तसे लिहिते: टू_एस (आकड्याची स्ट्रिंग करतो), टू_आय (स्ट्रिंगचा आकडा करतो). त्यांच्या पुढे कंसात २ असला तर तो पाया, म्हणजे मोजणी दोनाच्या पटीत, बायनरीत. मधली आडवी रेघ म्हणजे अंडरस्कोर. मशीनवर टाइप करताना अक्षरं रोमन हवीत आणि आकडेही इंग्रजी हवेत. हे वाक्य मागच्या वेळी लिहायचं राहून गेलं, आणि त्याचा त्रास एका मुलाला झाला. त्याचंच पत्र पहिलं घेते.

प्रश्न : ताई, मी धुळ्याला डिप्लोमा करतो. तुमची ओळ पाहून टाइप केली: "१०११".टू_आय(२). कंसातल्या २ वर एरर आला म्हणून तेवढा इंग्रजी केला. अवतरणातलं तसंच ठेवलं. आता एरर येत नाही, पण उत्तर ११ यायच्या ऐवजी शून्य येतं. माझा रुबी जुना आहे का?

उत्तर : तुझा रुबी ठणठणीत आहे, चूक माझी. आपल्या डोळ्याला १ हा १ असतो, मग तो कुठल्याही लिपीतला असो. कॉम्प्युटरकडे मात्र प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे. इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८, आपल्या देवनागरी शून्याचा २४०६. टू_आय फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. त्याची रीत अशी की स्ट्रिंगच्या सुरुवातीपासून कळेल तेवढं वाचायचं, न कळणारं अक्षर आलं की थांबायचं, आणि तोवर जमलेलं उत्तर द्यायचं. तुझ्या स्ट्रिंगमध्ये त्याला पहिलंच अक्षर कळलं नाही. जमलेलं काहीच नव्हतं, म्हणून शून्य.

कंसातल्या २ वर एरर का आला, ती गंमत वेगळी आहे. अवतरणाच्या बाहेर देवनागरी आकडा दिसला की रुबीला ते व्हेरिएबलचं नाव वाटतं. म्हणून ‘अनडिफाइन्ड लोकल व्हेरिएबल’ अशी तक्रार करतो. तू डावीकडे देवनागरी १०११, मग बरोबरचं चिन्ह आणि उजवीकडे इंग्रजी पाच लिहून पाहा, मुकाट चालेल. १०११ नावाच्या व्हेरिएबलमध्ये पाच. परीक्षेत मात्र असं करू नकोस.

उपाय सोपा आहे. स्ट्रिंगवर टीआर मेथड चालव. पहिल्या अवतरणात देवनागरी शून्य, मधे वजाचं चिन्ह (अंडरस्कोर नव्हे), देवनागरी नऊ. दुसऱ्या अवतरणात तेच इंग्रजीत. सगळे आकडे जागच्या जागी बदलतात, मग टू_आय(२). हे फक्त माझ्या चुकीपुरतं कामाचं नाही. आपल्याकडे फोनवर मराठी कीबोर्ड ठेवणारे पुष्कळ आहेत, त्यांचे आकडे असेच येतात. आणि एक खड्डा दाखवून ठेवते, मी त्यात पडले आहे. आलेली स्ट्रिंग आकड्यांचीच आहे ना, हे रेग्युलर एक्स्प्रेशननं (अक्षरं जुळवून पाहायच्या साच्यानं) तपासताना बॅकस्लॅश डी लिहिलं तर देवनागरी आकडे नापास होतात, ते बरं. पण दुहेरी चौकटी कंसातलं ‘डिजिट’ लिहिलं तर ते पास होतात, आणि पुढे टू_आय गुपचूप शून्य देतो. तपासनीस एक आणि वाचणारा दुसरा, दोघांचं आपसात बोलणं नाही.

प्रश्न : ताई, आमची रावेरकडे केळी आहे, ठिबकवर. आठ व्हॉल्व्ह. कुठला चालू, कुठला बंद हे आठ अंकांच्या स्ट्रिंगमध्ये ठेवतो, डावीकडचा पहिला अंक पहिल्या व्हॉल्व्हचा. फाइलमध्ये आकडा करून साठवतो. परत स्ट्रिंग केली की कधी बरोबर येते, कधी तीनच अंक येतात आणि भलताच व्हॉल्व्ह उघडतो. टू_एस(२) मध्ये बग आहे का?

उत्तर : दादा, बग नाही. आणि या चुकीत मी तुमच्या पुढे आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

काही वर्षांपूर्वी यावल तालुक्यातल्या एका मळ्यासाठी असंच काम केलं होतं. तिथे थ्री फेज मध्यरात्रीनंतर यायची, म्हणून काकांना रात्री उठायला लागू नये एवढाच हेतू. सहा आणि आठ नंबरच्या व्हॉल्व्हवर पिलबाग (कापलेल्या केळीच्या पिलांवर धरलेलं पुढचं पीक) होती, तिला पाणी द्यायचं होतं. एक आणि तीन नंबरवर कांदेबागेची (कांदा नव्हे, पावसाळ्यानंतर लावतात ती केळी) टिश्यूकल्चर रोपं, लावून आठ दिवस झालेली, आणि त्यांना संध्याकाळीच पाणी देऊन झालं होतं. स्ट्रिंग होती "०००००१०१". तिचा आकडा पाच. फाइलमध्ये पाच गेला, बरोबर. रात्री वीज आली, प्रोग्रामनं पाच उचलला, टू_एस(२) केलं, हाती आलं "१०१". प्रोग्राम डावीकडून मोजत होता. पहिला अंक एक, म्हणजे एक नंबर चालू. दुसरा शून्य. तिसरा एक, तीन नंबर चालू. सहा आणि आठपर्यंत तो पोचलाच नाही, कारण स्ट्रिंग तिथवर नव्हतीच.

सकाळी सहाला काकांचा फोन आला. ओरडले नाहीत. "ताई, तुमचा कॉम्प्युटर रात्रभर जागा होता, पण झोपेत चालत होता," एवढंच म्हणाले. मी भुसावळहून पहिल्या बसनं गेले. कोवळ्या रोपांच्या बुडाशी पाणी तुंबलेलं, आणि पिलबागेत लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, कोरड्या ठणठणीत. बांधावर उभी राहून लॅपटॉप उघडला तेव्हा ती तीन अक्षरं दिसली.

घरी बसून तपासलं होतं हो मी. पण तपासायला घेतली होती "१०११००१०", म्हणजे १७८. ती एकानं सुरू होते, त्यामुळे डावीकडे हरवायला शून्यच नव्हतं. दहा वेळा चालवलं असतं तरी दहाही वेळा बरोबर आलं असतं. तेव्हापासून कुठलंही असं काम तपासताना मी पहिली स्ट्रिंग शून्यानं सुरू होणारी घेते, आणि दुसरी नुसत्या आठ शून्यांची.

आता शून्यं जातात कुठे? दादा, ती आकड्यात कधी नव्हतीच. स्ट्रिंग म्हणजे आठ खण असलेला ट्रे, रिकामा खणही खणच. आकडा म्हणजे ट्रेमधल्या मालाचं वजन. वजन सांगितल्यावर खण किती होते हे कुणाला कळणार? पाच हा पाचच, मग तो तीन खणांतून आला की आठ की बत्तीस. रुंदी आकड्याला माहीत नसते, ती तुम्ही लक्षात ठेवायची आणि परत येताना सांगायची. ५.टू_एस(२) च्या पुढे आरजस्ट लावा, कंसात आठ आणि अवतरणात शून्य. डावीकडून शून्यं भरून आठ अंक होतात. किंवा फॉरमॅट वापरा: अवतरणात टक्क्याची खूण, शून्य, आठ, बी, आणि मग स्वल्पविराम देऊन आकडा. मला दुसरं आवडतं, कारण महिन्यांनी वाचताना एका नजरेत कळतं की इथे आठ अंक अपेक्षित आहेत.

पण दोन्ही जण फक्त भरतात, कापत नाहीत. फाइलमध्ये चुकून ३०० शिरला तर "१००१०११००" असे नऊ अंक येतील आणि सगळे व्हॉल्व्ह एकेक घर सरकतील. म्हणून आकड्याला आधी बिट_लेंग्थ विचारा, म्हणजे त्याला किती बिट (एक-शून्याचे अंक) लागतात ते कळेल. आठापेक्षा जास्त आलं तर पाणी सोडायचं नाही, फोन करायचा.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. पहिला व्हॉल्व्ह डावीकडे हे कुणी ठरवलं? बहुतेक कुणीच नाही, आपण डावीकडून लिहितो म्हणून ते तसं झालं. रुबी मात्र आकड्यातले अंक उजवीकडून मोजतो. ५ च्या पुढे चौकटी कंसात शून्य लिहिलं की सगळ्यात उजवा अंक मिळतो, एक. चौकटी कंसात दोन लिहिलं की उजवीकडून तिसरा, तोही एक. डिजिट्स(२) विचारलं तर तो अंकांची यादी उजव्या टोकापासून देतो: १७८ साठी ०, १, ०, ०, १, १, ०, १. म्हणजे तुमच्या मोजणीत व्हॉल्व्ह नंबर सहा हा रुबीच्या मोजणीत आठ वजा सहा, दोन. हे वजाबाकीचं लफडं प्रत्येक ठिकाणी सांभाळावं लागतं.

मी त्या मळ्यात नंतर पहिला व्हॉल्व्ह उजवीकडे आणला. तेव्हा वाटलं होतं की नुसती सोय होईल, पण खरा फायदा दोन वर्षांनी कळला. काकांनी शेजारची जमीन वाट्यानं घेतली आणि नववा व्हॉल्व्ह बसवला. उजवीकडून मोजत असल्यामुळे नवव्याची किंमत २५६, आणि जुने सगळे साठवलेले आकडे जसेच्या तसे खरे. डावीकडून मोजत असते तर वर्षभराचं वेळापत्रक परत लिहावं लागलं असतं. तुमचं बदलायचं असेल तर आताच बदला, आणि दिशा पंपघराच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून ठेवा. खोटं वाटेल, पण काकांच्या भिंतीवर आहे.

आकडा करून ठेवण्याचा मोह जागा वाचवण्यासाठी असेल तर आठ अक्षरांनी आजकाल काही अडत नाही. खरा उपयोग दुसरा आहे. कालची स्थिती १७८, आजची ५. दोघांमध्ये टोपीचं चिन्ह (कॅरेट) टाका, उत्तर १८३, म्हणजे "१०११०१११". जिथे एक आहे ते व्हॉल्व्ह बदलायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही. सोलेनॉइडला (व्हॉल्व्ह विजेनं उघडणाऱ्या भागाला) उगाच झटके देऊ नयेत. आणि मोटारीचा दाब तीनच व्हॉल्व्हना पुरत असेल तर स्ट्रिंगवर काउंट("१") विचारून आधीच अडवता येतं. १७८ मध्ये चार एक आहेत, तुमच्या मोटारीला ते झेपेल का ते तुम्हीच पाहा.

आणखी एक, कारण तुमचे संदेश फोनवरून येतात. टू_आय(२) फार पोटात घालणारा आहे. "१०१२" दिलं तर दोनावर थांबून पाच सांगेल. मधे एक जागा सुटली, "१० ११००१०", तर दोन सांगेल. शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडला, तर त्याच्या आधीचंच तेवढं वाचेल. रिकामी स्ट्रिंग दिली तरी शून्य, म्हणजे सगळे व्हॉल्व्ह बंद, हाही एक हुकूमच झाला की. घरात असा माणूस असला तर बरं वाटतं, पंपावर नको. तिथे इंटिजर ही मेथड ठेवा, कंसात स्ट्रिंग आणि दोन. तिला एक अक्षर जरी खटकलं तरी ती आर्ग्युमेंट एरर देऊन काम बंद पाडते. अंडरस्कोर मात्र दोघांनाही चालतो, "१०११_००१०" असं चार-चारांत तोडून लिहिलं तर वाचायला सोपं जातं.

प्रश्न : एकच स्ट्रिंग, "०००००१०१". एका मित्राकडे उत्तर १०१ येतं, दुसऱ्याकडे ६५, माझ्याकडे ५. तिघांचा रुबी एकच आहे. — अमळनेर

उत्तर : तिघंही बरोबर, प्रश्न वेगवेगळे विचारलेत. पहिल्यानं टू_आय नुसतं लिहिलं, कंसात पाया दिला नाही. मग रुबी दहाचा पाया धरतो, पुढची शून्यं सोडतो आणि एकशे एक सांगतो. दुसऱ्यानं इंटिजर वापरलं, तेही पायाशिवाय. इंटिजर पाया सांगितला नसेल तर स्ट्रिंगच्या तोंडाकडे बघून अंदाज करते. तोंडाशी शून्य आणि एक्स असेल तर सोळा, शून्य आणि बी असेल तर दोन, आणि नुसतं शून्य असेल तर आठ. आठाच्या पायात १०१ म्हणजे चौसष्ट अधिक एक. तू पाया दिलास म्हणून पाच.

पाया नेहमी द्यायचा. दोनपासून छत्तीसपर्यंत कुठलाही चालतो. छत्तीसच का, तर दहा आकडे आणि सव्वीस इंग्रजी अक्षरं.

प्रश्न : मॅडम, मी शिरपूरजवळ एका बर्फाच्या कारखान्यात देखभालीला आहे. पाण्याचा मीटर आणि मिठाच्या पाण्याच्या टाकीचा तापमापक, दोन्ही एका वायरवर कॉम्प्युटरला जोडलेत. रुबीत वाचलं की दोन अक्षरांची विचित्र स्ट्रिंग मिळते. टू_आय केलं तर शून्य. कधी कधी त्यात स्वल्पविराम दिसतो म्हणून स्वल्पविरामावर स्प्लिट केलं, तरी हाती काही नाही. आणि तापमान एकदा ६५५३१ दिसलं. इतकं तापमान असतं तर आम्ही बर्फ नाही, लोखंड ओतलं असतं.

उत्तर : दादा, शेवटचं वाक्य घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

‘बायनरी स्ट्रिंग’ या नावाखाली दोन निराळ्या वस्तू खपतात. एक, वर आलेली, जिच्यात एक आणि शून्य ही अक्षरं लिहिलेली असतात. ती माणसानं वाचायची चिठ्ठी. दुसरी, तुमच्या हातात आहे ती, कच्चे बाइट, म्हणजे आठ-आठ बिटांचे गठ्ठे. तिच्यात अक्षरं नाहीतच. रुबी बिचारा त्यांना अक्षरं समजून दाखवायचा प्रयत्न करतो. मीटरनं ३०० पाठवले. ३०० म्हणजे २५६ अधिक ४४, म्हणून पहिला बाइट एक, दुसरा ४४. आणि ४४ हा स्वल्पविरामाचा क्रमांक आहे! तुम्ही पाण्याच्या आकड्याच्याच पोटात सुरी घातलीत.

कच्च्या बाइटांसाठी टू_आय नाही, अनपॅक१ वापरायचं (रुबी २.४ पासून आहे). कंसात एक अक्षर द्यायचं, ते बाइट कसे वाचायचे ते सांगतं. छोटा एन दिला की दोन बाइट, मोठा भाग आधी: ३००. छोटा व्ही दिला की दोन बाइट, लहान भाग आधी: ११२६५. बाइट तेच, वाचायची दिशा वेगळी. यात गोंधळ वाटत असेल तर आपल्याच बोलण्याकडे पाहा. लिहितो २५, वीस आधी. बोलतो पंचवीस, पाच आधी. आणि १२५ बोलताना शंभर आधी, मग पाच, मग वीस. आपण हे शाळेत जायच्या आधी पचवलंय, यंत्रांनी दोनच तऱ्हा ठेवल्यात.

तुमच्या वर्णनावरून वायरवर मॉडबस बोलली जाते असं दिसतं. ही १९७९ मधली भाषा, मॉडिकॉन कंपनीनं कारखान्यातल्या कंट्रोलरसाठी काढलेली, आणि अजून गल्लोगल्ली चालते. तिच्यात रजिस्टर (एक आकडा ठेवायची जागा) सोळा बिटांचं असतं आणि मोठा बाइट आधी येतो. म्हणजे मीटरसाठी छोटा एन. (रावेरच्या दादांनी कधी मॉडबसवरचे व्हॉल्व्ह घेतले तर: तिथे चालू-बंदचे बिट बाइटमध्ये उजवीकडून भरतात, पहिला सगळ्यात उजवा. अनपॅक१ मध्ये मोठा बी आणि आठ लिहिलं तर १७८ चा बाइट "१०११००१०" असा दिसतो, छोटा बी आणि आठ लिहिलं तर "०१००११०१". दुसऱ्यात पहिला व्हॉल्व्ह पहिला येतो.)

आता ६५५३१. तुमच्या टाकीचं तापमान तेव्हा उणे पाच होतं. सोळा बिटांत उण्याचं चिन्ह ठेवायला वेगळी जागा नसते. जुन्या रिक्षाचा मीटर सगळ्या शून्यांवर असताना मागे फिरवला तर सगळे नऊ दिसतील, तसं इथे शून्यातून एक मागे गेलं की ६५५३५. पाच मागे गेलं की ६५५३१. छोटा एन हा चिन्ह मानतच नाही, म्हणून त्यानं तो आकडा तसाच सांगितला. तापमानासाठी छोटा एस आणि त्याला चिकटून ‘पेक्षा मोठा’चं चिन्ह द्या, म्हणजे चिन्हासकट सोळा बिट, मोठा बाइट आधी. उणे पाच येईल.

पुष्कळांना वाटतं की रुबीत उणे पाचचं टू_एस(२) केलं की ते सोळा अंक दिसतील. दिसत नाहीत. "-१०१" दिसतं, साधं उणे आणि पाच. फॉरमॅटला टक्का आणि बी दिलं तर "..१०११" असं काहीतरी चमत्कारिक येतं. ते दोन ठिपके म्हणजे डावीकडे नुसते १ आहेत, न संपणारे. रुबीच्या आकड्याला रुंदीच नाही, तर तो थांबणार कुठे? तुम्ही रुंदी दिलीत की थांबतो: उणे पाच आणि २५५ यांच्यात अँडचं चिन्ह टाकून टू_एस(२) करा, "१११११०११" चे आठ अंक सलग मिळतील. रावेरच्या दादांची हरवलेली शून्यं आणि तुमचे हे ठिपके, दुखणं एकच.

बाइट फाइलमध्ये साठवून नंतर वाचत असाल तर फाइलच्या बिनरीड मेथडनं वाचा. विंडोजवर साध्या पद्धतीनं वाचलं की १३ आणि १० हे बाइट शेजारी आले तर त्यांचा एकच होतो, आणि पुढचं सगळं वाचन एका बाइटनं सरकतं. तेरा लिटर आणि दहा लिटर यांचा हिशेब मग कुणालाच लागत नाही.

पत्र : चाळीसगावहून एका निवृत्त गुरुजींनी प्रश्न नाही, आक्षेप पाठवला आहे. त्यांचं म्हणणं: "दोनाच्या पायाचं एवढं कौतुक कशाला? आमच्या शाळेत मापांचं कोष्टक पाठ होतं. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. तुमच्या मुलांना हे शिकवा, रुबी आपोआप येईल."

उत्तर : गुरुजी, नमस्कार. आक्षेप मान्य, आणि थोडा मत्सरही वाटला की हे मला आधी का सुचलं नाही. आपण चाळीसगावचे, जवळच पाटण. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढल्याची नोंद आहे. आणि ‘लीलावती’ सुरू होते तीही नाण्यांच्या, वजनांच्या, मापांच्या कोष्टकांनीच. तुमची परंपरा पक्की आहे.

निळवं एक धरलं तर कोळवं २, चिपटं ४, मापटं ८, शेर १६, अधोली ३२, पायली ६४. तंतोतंत बिटांच्या किमती. पायलीच्या वर मात्र दुप्पट थांबते, पुढे मण येतो आणि त्याच्या पायल्या किती हे गावोगाव बदलायचं. म्हणजे सात बिटांपर्यंत आपण दोनाच्या पायात होतो, त्यापुढे ज्याचा त्याचा बाजार.

आणि हरवलेल्या शून्यांचा प्रश्न या पद्धतीत येतच नव्हता, कारण प्रत्येक जागेला नाव होतं. कुणी "शेर आणि चिपटं" म्हटलं की मधलं मापटं नाही हे सांगावं लागत नाही. आमच्या प्रोग्रामरांनी जागांची नावं काढून टाकली आणि नुसती रांग ठेवली, मग शून्यांची राखण करणं आलं.

आजच्या अंकात १७८ पाच वेळा आला आहे, तेव्हा तोच मापते. १७८ निळवी दादर (आमच्याकडची रब्बीची ज्वारी) म्हणजे दोन पायल्या, एक अधोली, एक शेर आणि एक कोळवं. आमच्या घरी आजीची मापं अजून आहेत, दादरच्या कोठीवरच्या फळीवर. मापटं तेवढं नाही, शेजारी कुणी नेलं ते परत आलं नाही. पण १७८ मध्ये आठाच्या जागी शून्यच आहे, त्यामुळे काल संध्याकाळी सगळं बरोबर मापून झालं.